किनारा दाखवताना : प्रस्तावना

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. किल्ल्यात आलेला पाहुणा पहिला फोटो त्यांच्यासोबत काढतो आणि बहुतेक वेळा त्या कान्होजी आंग्र्यांच्या तोफा आहेत असे समजूनच परततो. तोफेवर वाकून पाहिले तर १८४९ हे साल दिसते आणि इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याचे नाव. कान्होजी वारले १७२९ साली. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले ते १८४०च्या सुमारास. म्हणजे या तोफा घडल्या तेव्हा किल्ल्यावर आंग्र्यांची सत्ता उरलेलीच नव्हती.

इथे उभ्या असलेल्या गाइडपुढे दोन वाटा असतात. ही सगळी सनावळी आपणच सांगून टाकायची, किंवा पाहुण्यालाच म्हणायचे, ‘जरा ते साल वाचून बघा.’ साल वाचले की पाहुणा आपणहून विचारतो, ‘मग ही इथे आली कशी?’ त्या एका प्रश्नानंतर आंग्र्यांचे आरमार, संस्थानाचा शेवट, इंग्रजी अंमलातला किनारा हे सगळे त्याला ऐकावेसे वाटते. या दुसऱ्या वाटेचे एक शास्त्र आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, त्यात निरनिराळे पंथ आहेत, मतभेद आहेत. मराठीत त्यावर सलग असे फार थोडे लिहिले गेले आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना वारसा दाखवणाऱ्या माणसांसाठी हे पुस्तक काढण्याचे कारण तेच.

वारसास्थळी किंवा अभयारण्यात आलेल्या माणसाला जाणत्या माणसाने सोबत घेऊन फिरवावे, समोर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ त्याच्या स्वतःच्या आयुष्याशी जोडून द्यावा आणि ती गोष्ट जपावी असे त्याला वाटायला लावावे, एवढा या कामाचा आवाका आहे. या पुस्तकात त्याला ‘वारसाफेरी’ म्हटले आहे. फेरी म्हटली की चालणे आले, पण ती होडीतूनही होते, देवळाच्या ओसरीवर बसूनही होते आणि रात्री जंगलातल्या मचाणावरही होते.

रायगडचा किनारा या कामासाठी विलक्षण श्रीमंत आहे, आणि तितकाच अवघडही. घारापुरीची शैव लेणी १९८७पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मांदाडजवळ राजपुरीच्या खाडीकाठी कुड्याची बौद्ध लेणी आहेत. चौल बंदराचे नाव ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात येते. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी तिथे येऊन गेला आणि १४६९ साली अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी तिथेच उतरला. पुढे रेवदंडा आणि कोर्लईचे पोर्तुगीज कोट, सिद्दींचा जंजिरा, शिवाजी महाराजांचे पद्मदुर्ग आणि खांदेरी, समोरची उंदेरी, आंग्र्यांचा कुलाबा. त्यांच्या पाठीशी फणसाडचे जंगल, खाड्यांतली कांदळवने, खारबंदीचे बांध, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि कोळीवाडे. पाहुणा यातला एखादा किल्ला बघतो, मासे खातो आणि परततो. या सगळ्या गोष्टी एकाच समुद्राने आणि एकाच भरती-ओहोटीने बांधलेल्या आहेत, हे त्याला कोणी दाखवत नाही.

स्थळ दाखवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. क्षेत्राच्या गावी उपाध्ये यात्रेकरूला प्रदक्षिणेला नेत आणि वाटेत क्षेत्राचे माहात्म्य सांगत. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्राच्या खडकांवरून जाते आणि ती ओहोटीतच करता येते. लाटांनी कोरलेले कातळ, पाण्याच्या वेळा आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी त्या वाटेवर एकत्र भेटतात. कीर्तनाने तर या कलेला बांधणीच दिली. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि दोन्हींत सूत्र एकच. कीर्तन ऐकून उठलेल्या माणसाला आख्यानातले सगळे तपशील आठवत नसत, पण बुवांनी काय सांगितले ते एका वाक्यात सांगता येई. पुढे अमेरिकी अभ्यासकांनी जे सूत्र म्हणून मांडले, त्याचा सराव आपल्याकडच्या देवळांतून पिढ्यानपिढ्या चालत होता.

एकोणिसाव्या शतकात मोजमापाची परंपरा आली. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा ग्रंथ १८८०चा. कुलाबा आणि जंजिरा यांचा गॅझेटियर १८८३चा. किल्ल्याची लांबी-रुंदी, बुरुजांची संख्या, शिलालेखांची वाचने, पिके, जाती, बंदरांतला व्यापार असे सगळे त्यात नोंदले गेले. आजही या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला गॅझेटियर उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण या परंपरेने एक सवयही लावली. स्थळ दाखवणे म्हणजे माहिती देणे, असे आपण धरून चाललो. संरक्षित स्मारकाचा निळा फलक हे त्या सवयीचे सर्वांत ओळखीचे रूप.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसरा प्रवाह वाहू लागला, तो प्रेरणेचा. जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, टिळकांच्या पुढाकाराने १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. १९१० साली पुण्यात राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले आणि कागदपत्रांच्या शोधाला घर मिळाले. पुढे गो. नी. दांडेकर आणि बाबासाहेब पुरंदरे यांनी किल्ला हा मराठी मध्यमवर्गाच्या मनातला विषय केला. आज शनिवार-रविवारी गडावर चढणारी तरुण पोरे याच प्रवाहातली आहेत. ऊर भरून येणे ही या परंपरेची ताकद, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. तिची मर्यादा एवढीच, की एक काळ आणि एक नायक यांच्या पलीकडचे बरेच काही नजरेतून सुटते. किल्ल्यावरचा पाथरवट, होडी वल्हवणारा कोळी, तटाखालचे गाव यांच्याकडे वळून बघायला तिला सवड झाली नाही.

निसर्गाची वाट तिसरी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत सुरू झाली. तिच्याशी आयुष्यभर जोडलेले सालिम अली १९३०च्या सुमारास अलिबाग तालुक्यातल्या किहीमला राहिले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरबांधणीचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार सुरू होतो, हे किहीमच्या त्या निरीक्षणांतून जगापुढे आले. मराठीत मारुती चितमपल्लींनी जंगलाची भाषा घराघरांत पोचवली. या प्रवाहाने दिलेला धडा असा : आधी गप्प बसून बघा, मग बोला.

परदेशात हे शास्त्र उद्यानांतून वाढले. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन राखले गेले. एनॉस मिल्स या गिर्यारोहक वाटाड्याने रॉकी पर्वतात लोकांना वर्षानुवर्षे फिरवले आणि १९२०च्या आपल्या पुस्तकात निसर्ग-वाटाड्या हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे असे मांडले. तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी काम करताना फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली सहा तत्त्वे लिहिली. ती आजही या क्षेत्राचा पाया मानली जातात. पाहुण्याच्या अनुभवाशी नाते न जोडणारे बोलणे वांझ असते; माहिती हा कच्चा माल आहे; पाहुण्याच्या मनात कुतूहल चेतवणे हे मुख्य काम आहे; मुलांसाठी वेगळा कार्यक्रम हवा, मोठ्यांचाच कार्यक्रम पातळ करून चालत नाही, असा त्यांच्या विचारांचा गाभा. टिल्डन यांचा सगळा भर वाटाड्याच्या प्रतिभेवर होता. नंतर सॅम हॅम यांनी मानसशास्त्राच्या आधारे त्याला शिस्त दिली : फेरीला एक विषयसूत्र हवे, तिची बांधणी हवी, ती ऐकणाऱ्याच्या जगण्याशी जोडलेली हवी आणि आनंददायी हवी.

या विचारांवर टीकाही झाली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड उझेल यांनी १९८९च्या सुमारास विचारले, की युद्धे, गुलामगिरी, अन्याय यांच्या जागा दाखवताना थंडपणे माहिती कशी देता येईल? अशा ठिकाणी भावना जागी व्हायलाच हवी, आणि अस्वस्थता टाळता कामा नये. दुसरी टीका सत्तेविषयीची : अर्थ सांगण्याचा हक्क कोणाचा? खात्याचा, विद्यापीठाचा की त्या जागेवर राहणाऱ्यांचा? स्मारकांच्या क्षेत्रातल्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ साली केबेकमध्ये जी सनद स्वीकारली, तिच्यात या वादाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. पुराव्यांचा आधार, परिसराचे भान, अस्सलपणा, सर्वांचा सहभाग, टिकाऊपणा आणि प्रशिक्षण यांना तिने जागा दिली. सगळ्यांना एकाच वेळी खूश करणे जमत नाही, हेही त्या सनदेनंतरच्या चर्चांतून दिसत गेले.

हे सगळे प्रवाह आपल्या किनाऱ्यावर येऊन मिळतात तेव्हा वारसाफेरीची उद्दिष्टे काय ठरतात? या पुस्तकामागचा विचार एका वाक्यात सांगायचा तर असा : पाहुणा काय लक्षात ठेवून गेला यापेक्षा तो काय बघायला शिकला आणि ती जागा त्याला किती आपली वाटली, यावर फेरीचे मोल ठरते. बाकीची उद्दिष्टे याच्याच पोटात येतात.

पहिले उद्दिष्ट नजर देण्याचे. मुरूडजवळच्या पद्मदुर्गाच्या तटाशी उभे राहिले की एक नवल दिसते. शतकानुशतके खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड आत खात नेला आहे, पण दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला आहे. मधमाश्यांचे पोळे पाहावे तसा तो तट दिसतो. एरवी दगड टिकाऊ आणि सांध्यातला चुना कच्चा, अशी आपली समजूत. इथे उलटे झाले आहे. गाइडने बोट दाखवून थांबावे आणि पाहुण्याला दगडात हात घालून खोली बघू द्यावी. मग तो चुना कसा मळला असेल, त्या गवंड्यांना काय ठाऊक होते, असे प्रश्न त्याला स्वतःलाच पडू लागतात. तिथून निघालेला माणूस पुढच्या कोणत्याही किल्ल्यावर दगडांचे सांधे बघतो. हे त्याला कायमचे मिळालेले असते.

दुसरे उद्दिष्ट एका विचाराभोवती फेरी बांधण्याचे. खांदेरीचे उदाहरण घ्या. १६७९च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या तोंडावर महाराजांनी हे बेट बांधायला घेतले, त्यांच्या आरमारातले मायनाक भंडारी तिथे पाय रोवून उभे राहिले, इंग्रजांनी जहाजे घालून वेढा दिला. मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून रात्री निसटून जाणाऱ्या. किनाऱ्यावरून रसद पोचत राहिली आणि बेट हातचे गेले नाही. पुढे जानेवारी १६८०मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली. ही हकिकत सनावळीसारखी सांगता येते, किंवा ‘खांदेरी टिकली ती होड्यांमुळे’ या एका वाक्याभोवती गुंफता येते. दुसऱ्या रीतीने सांगितली की तट, धक्का, १८६७चे दीपगृह आणि आज थळच्या किनाऱ्याला लागलेल्या मासेमारी होड्या हे सगळे त्याच सूत्रात आपोआप येऊन बसतात.

तिसरे उद्दिष्ट प्रामाणिकपणाचे, आणि माझ्या मते सर्वांत कठीण. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होडीत कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्या कथा लोकांना आवडतात आणि सांगणाराही मन लावून सांगतो. त्या गाळून टाकाव्यात असे हे पुस्तक म्हणत नाही. दगड काय सांगतो, कागद काय सांगतो आणि लोक काय सांगतात, हे तीन वेगवेगळे साक्षीदार आहेत, आणि कोण बोलतो आहे ते पाहुण्याला कळले पाहिजे, एवढाच आग्रह आहे. लाय पाटलाने रात्रीच्या काळोखात जंजिऱ्याला शिड्या लावल्या, कुमक वेळेवर आली नाही, महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, पण दर्यात वावरणाऱ्या कोळ्याला पालखी काय कामाची म्हणून त्याला गलबत मिळाले, ही आठवण कोळीवाड्यांनी जपली आहे. ती आठवण म्हणूनच सांगितली की तिचे तेज वाढते. अक्षीच्या गद्धेगाळाचेही तसेच. शिलाहार काळातला हा मराठी शिलालेख बरीच वर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता. अभ्यासकांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला आहे, आणि त्या वाचनावर मतभेदही आहेत. मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता हा वाद पाहुण्यासमोर उघड मांडावा. इतिहास कसा ठरवला जातो हे त्याला त्यातून दिसते आणि ऐकणाऱ्याचा मानही राखला जातो.

चौथे उद्दिष्ट सर्वांना जागा देण्याचे. जंजिरा म्हटले की शत्रूचा किल्ला, एवढीच ओळख अनेकांना असते. पण आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी कोकणच्या समुद्रात राज्य उभे केले आणि १९४८पर्यंत टिकवले, ही जगाच्या इतिहासातही दुर्मीळ गोष्ट आहे. नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा सांगणारे बेने इस्रायली शतकानुशतके इथल्या गावांत तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे या मातीतूनच आली. कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून झालेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते. कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांमध्ये माळी आहे, वैद्य आहे, लेखनिक आहे. ही माणसे फेरीत आली नाहीत तर आपण अर्धाच किनारा दाखवतो.

अन्यायाच्या जागाही याच उद्दिष्टात येतात. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते पडीक ठेवून संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी त्यांच्याच नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला आलेल्या कुटुंबाला हे सांगायचे कसे, किती आणि कोणी, याची चर्चा गाइडने आधी करून ठेवायला हवी. ज्यांच्या घरात ती आठवण जिवंत आहे त्यांच्या तोंडून ती ऐकवता आली तर त्याहून चांगले काही नाही.

पाचवे उद्दिष्ट जपणुकीचे आणि जिवाच्या सुरक्षिततेचे. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला परतीची वाट बुडते. कोळी माणूस घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतो : पंधरवड्याची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस. तेव्हा पाणी पुरते ओसरत नाही आणि वाट कोरडी मिळेलच असे नाही. हा हिशेब फेरीच्या सुरुवातीलाच पाहुण्यांकडून करून घ्यावा. एक तर ते वेळेवर परततात, आणि चंद्र, समुद्र आणि पंचांग यांचा संबंध त्यांना आयुष्यभर पुरतो. तटाला चुन्याऐवजी नुसते मोठाले दगड एकावर एक का बसवले, लाटेचे पाणी फटींतून शिरून तिचा जोर कसा मोडतो, हेही त्याच वाटेवर उलगडते.

जंगलात हेच काम वेगळ्या रीतीने करावे लागते. फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. गाणीवर बसायचे तर आवाज बंद, अत्तर नाही, मोबाइल खिशात. असे नियम फलकावर लिहून कोणी पाळत नाही. पण गारंबीच्या अजस्र वेलीखाली उभे राहून तिची हातभर लांबीची शेंग हातात घेतलेल्या मुलाला, शेकरू याच वेलींच्या आधाराने झाडावरून झाडावर कशी जाते ते दाखवले, की वेल का तोडायची नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. टिल्डन यांच्या काळापासून या क्षेत्राने धरून ठेवलेला विश्वास हाच आहे, की समजले की कदर येते आणि कदर आली की राखण होते. तो विश्वास आपोआप खरा ठरत नाही, त्यासाठी फेरी विचारपूर्वक बांधावी लागते.

सहावे उद्दिष्ट पोटापाण्याचे. ते शेवटी आले म्हणून कमी महत्त्वाचे नाही. बाणकोट खाडीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्ले समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, गावकऱ्यांनी आपल्या घरांत त्यांची राहण्या-जेवण्याची सोय केली, आणि अंडी उकरून नेण्यापेक्षा राखण्यात गावाचे हित उभे राहिले. रायगडच्या गावांसाठी हा जवळचा आणि तपासून पाहण्यासारखा धडा आहे. जूनमध्ये मासेमारी बंद होते, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही थांबतात. फेरीचे उत्पन्न हंगामी राहणार हे धरूनच गावाने त्याचा विचार करायला हवा.

हे सगळे आताच का, असे कोणी विचारील. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईच्या माणसाला हा किनारा पूर्वीपेक्षा खूपच जवळ आला. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या उभ्याच्या उभ्या झोपवल्या. पिढ्यांची झाडे एका दुपारी गेली, आणि वारसा किती नाजूक असतो ते गावाने अंगावर सोसले. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांतले रायगड आणि खांदेरी हे दोन याच जिल्ह्यातले. म्हणजे घारापुरी धरून या एका जिल्ह्यात जागतिक वारसा यादीतली तीन ठिकाणे झाली. मानांकन मिळाले की गर्दी येते, गर्दीबरोबर पैसा येतो आणि कचराही येतो. खांदेरीसारखे लहानसे बेट किती पावले सोसेल, तिथल्या वेताळाला नवस करणाऱ्या कोळी बांधवांना त्या गर्दीत जागा उरेल का, हे प्रश्न आजच विचारायचे आहेत. गर्दी आल्यावर गाइड घडवायला घेतले तर उशीर झालेला असेल.

या पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित आहे. हा रायगड किनाऱ्याचा इतिहास नव्हे आणि प्रवासमार्गदर्शकही नव्हे. स्थळांची पूर्ण यादी इथे मिळणार नाही. ज्याला फेरी काढायची आहे, मग तो वनखात्याचा निसर्ग मार्गदर्शक असो, होडीवाला असो, शाळेची सहल नेणारी बाई असो की आपल्या गावातल्या देवळाची गोष्ट सांगू इच्छिणारी आजी, त्याच्या हाती विचार करण्याची आणि तयारी करण्याची रीत यावी, एवढा त्याचा उद्देश. म्हणून त्यात सिद्धान्त कमी आणि प्रत्यक्ष फेऱ्यांची बांधणी जास्त आहे. विषयसूत्र कसे शोधायचे, पुरावा कसा पारखायचा, दंतकथा कशी सांगायची, गप्प कधी राहायचे, मुलांना कसे सामील करून घ्यायचे, भरतीच्या वेळा आणि गटाची संख्या यांचा मेळ कसा घालायचा, यांवर भर दिला आहे. लेखनाची भाषा किनाऱ्यावरच्या माणसाला रुचेल अशी ठेवली आहे, आणि कोळी-आगरी बोलीतले शब्द जिथे नेमके वाटले तिथे तेच घेतले आहेत.

एक भूमिका मात्र पुस्तकाने सोडलेली नाही. या किनाऱ्याचा अर्थ सांगण्याचा पहिला मान इथे राहणाऱ्या माणसाचा आहे. अभ्यासक त्याला आधार देतील, खाते त्याला परवाना देईल, पण भरती पाऊणपटीत मोजणारा, गाण कुठे आटते हे जाणणारा, आजोबांनी चरीच्या संपात काय सोसले ते सांगू शकणारा माणूस बाहेरून आणता येत नाही. त्याच्याकडे जे आहे ते सांगण्याची कला त्याला मिळावी, आणि त्या कलेचे मोल त्याच्या हातात पडावे, ही यातली खरी आस आहे.

वाचकांना विनंती एवढीच, की पुस्तक वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या गावातली एक जागा निवडा, तिच्याविषयी एक वाक्य ठरवा आणि चार माणसांना घेऊन तिथे उभे राहा. त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून ठेवा आणि पुढची फेरी त्या प्रश्नांवरून बांधा. इथल्या मजकुरात चूक आढळली तर ती पुराव्यासह कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त होईल, आणि पुस्तक त्या मानाने अधिक तुमचे होईल.